अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय? कोर्सच्या आधी राज्य ठरवा

भारतात बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम करून अमेरिकेत आलेल्या, किंवा यायच्या तयारीत असलेल्या सिस्टर-ब्रदर मंडळींसाठी हे लिहिलं आहे. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी, रुग्णाला तपासते, निदान करते, तपासण्या सांगते आणि औषधं लिहून देते. वॉर्डात पंधरा वर्षं काढली म्हणून हे पद बढतीने मिळत नाही. त्यासाठी आरएनच्या, म्हणजे नोंदणीकृत नर्सच्या, वर वेगळी पदव्युत्तर पदवी, वेगळी राष्ट्रीय परीक्षा आणि वेगळं लायसन्स लागतं.

हे लायसन्स केंद्र सरकार देत नाही. प्रत्येक राज्याचं नर्सिंग बोर्ड ते आपापल्या कायद्यानुसार देतं, आणि एनपीला काय करता येईल हेही राज्यच ठरवतं. तरी बहुतेक जण आधी स्वस्त कोर्स शोधतात, मग स्पेशलायझेशन निवडतात आणि राज्याचा विचार शेवटी करतात. बहुतेक अडचणी या उलट्या क्रमातून येतात.

आधी राज्य

राज्यांचे ढोबळ तीन गट पडतात. पूर्ण अधिकाराच्या राज्यांत एनपी डॉक्टरशी कोणताही करार न करता निदान, उपचार आणि प्रिस्क्रिप्शन करू शकते. वॉशिंग्टन, ॲरिझोना, न्यू मेक्सिको ही त्यातली नावं. आता निम्म्याहून अधिक राज्यं या गटात आहेत, पण त्यातल्या काही राज्यांत सुरुवातीची काही वर्षं किंवा ठरावीक तास देखरेखीखाली काढावे लागतात. दुसऱ्या गटात औषधं लिहायला डॉक्टरबरोबर लेखी संयुक्त प्रोटोकॉल असावा लागतो. तिसऱ्या गटात, म्हणजे टेक्सस किंवा जॉर्जियासारख्या राज्यांत, डॉक्टरने अधिकार सोपवल्याशिवाय प्रिस्क्रिप्शन लिहिताच येत नाही.

मराठी कुटुंबं जिथे मोठ्या संख्येने आहेत ती राज्यं नेमकी या बाबतीत किचकट आहेत. टेक्ससमध्ये डॉक्टरबरोबर प्रिस्क्रिप्शनचा लेखी करार लागतो, आणि सर्वसाधारणपणे एका डॉक्टरला पूर्णवेळ सात एनपी किंवा पीए (फिजिशियन असिस्टंट) इतक्यांशीच असे करार करता येतात. शेड्यूल दोनची, कडक नियंत्रणाखालची औषधं, म्हणजे मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, एडीएचडीच्या स्टिम्युलंट गोळ्या, तिथली एनपी रुग्णालयात किंवा हॉस्पिसमध्येच (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा) लिहू शकते, बाहेरच्या क्लिनिकात नाही. मानसोपचारात जायचं असेल तर हा एकच नियम तुमची नोकरी कशी असेल ते ठरवतो. इलिनॉयमध्ये ४००० तासांचा क्लिनिकल अनुभव आणि २५० तासांचं पुढचं शिक्षण झालं की पूर्ण अधिकारासाठी अर्ज करता येतो. न्यूयॉर्कमध्ये ३६०० तासांनंतर लेखी करारातून सुटका होते; मात्र ती तरतूद ठरावीक मुदतीपुरती असल्यामुळे अर्ज करताना तिची चालू स्थिती पाहून घ्या. कॅलिफोर्नियात २०२० च्या कायद्याने दोन टप्पे आणले. तीन वर्षं किंवा ४६०० तास पूर्ण झाल्यावर '१०३ एनपी' म्हणून डॉक्टर असलेल्या ठिकाणी, डॉक्टरसोबत लिहून ठरवलेल्या प्रमाणित कार्यपद्धतींशिवाय काम करता येतं. त्यानंतर आणखी तीन वर्षांनी '१०४ एनपी' होऊन स्वतःचं क्लिनिक काढता येतं.

नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी कुठे आहे यावरच राज्य ठरणार असेल तर ते आनंदाने स्वीकारा, पण त्या राज्याच्या बोर्डाच्या संकेतस्थळावरचं एपीआरएनचं (एनपीसारख्या प्रगत नर्सचं) पान छापून शेजारी ठेवा आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून पाहा.

भारतातली कोणती पदवी चालते

पाटी इथे जवळजवळ कोरी होते. भारतातली एमएस्सी नर्सिंग एनपी लायसन्ससाठी चालत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा एनपी रेसिडेन्सी कोर्सही चालत नाही. लायसन्ससाठी अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेची एमएसएन (नर्सिंगची मास्टर्स), डीएनपी (नर्सिंगची डॉक्टरेट) किंवा पदव्युत्तर प्रमाणपत्र लागतं, आणि मान्यता सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन सीएनईए यांपैकी एकीची हवी. भारतातली एमएस्सी असेल तर काही विद्यापीठं थोडे क्रेडिट सोडतात, त्यापलीकडे तिचा फार उपयोग नाही.

बीएस्सी नर्सिंग असेल तर थेट एमएसएनला अर्ज करता येतो. फक्त जीएनएम असेल तर ती पदविका धरली जाते. भारतातच पोस्ट बेसिक बीएस्सी उरकून घ्या किंवा इथे आरएन ते एमएसएन असा लांबचा मार्ग धरा. पहिला पर्याय बहुधा स्वस्त पडतो. डीएनपी सक्तीची आहे असा एक समज आहे. नर्स ॲनेस्थेटिस्टला आता डॉक्टरेट लागते, एनपीला अजून एमएसएन पुरते.

आरएन लायसन्स, आणि कागदपत्रांचा गुंता

एनपीच्या कोर्सला अमेरिकेतलं चालू आरएन लायसन्स लागतं, तेही जिथे क्लिनिकल करणार त्या राज्यात चालणारं. क्रम असा: शिक्षणाचं मूल्यांकन, राज्याच्या बोर्डाकडे अर्ज, परीक्षेला बसण्याची परवानगी, एनक्लेक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा.

मूल्यांकनासाठी बहुतेक राज्यं सीजीएफएनएसचा अहवाल मागतात. ही संस्था २०२५ पासून ट्रूमेरिट या नावाने काम करते. तिला तीन ठिकाणांहून कागद थेट जावे लागतात: नर्सिंग कॉलेजकडून विषयवार थिअरी आणि क्लिनिकल तास, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून, म्हणजे नाशिकहून, गुणपत्रक, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडून नोंदणीची पडताळणी. तुम्ही स्वतः पाठवलेली झेरॉक्स धरत नाहीत. परिषदेची नोंदणी नूतनीकरणाशिवाय पडून असेल तर पडताळणी पुढे सरकत नाही, म्हणून भारत सोडण्याआधी ते काम उरका.

सगळ्यात जास्त फाइली नावावरून अडतात. आपल्याकडे लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि आडनावही बदललेलं. मग गुणपत्रकावर एक नाव, परिषदेच्या नोंदणीवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. एनक्लेक्सच्या परवानगीपत्रावरचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि शुल्क बुडतं. उपाय एकच: पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना आणि सगळे अर्ज त्याच नावाने करा. जुन्या नावांसाठी विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, हे तिन्ही इंग्रजी प्रतींसह पहिल्याच फेरीत जोडा. विवाह प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर लागेल.

तासांवरूनही अडतं. थिअरी आणि क्लिनिकल एकाच काळात झालं का, हे कॅलिफोर्निया बारकाईने पाहतं. बालरोग थिअरी दुसऱ्या वर्षी आणि पोस्टिंग चौथ्या वर्षी असं कागदावर दिसलं तर तो विषय इथे पुन्हा करायला लावतात. कॉलेजकडून तास भरून घेताना वर्षवार भरून घ्या, नुसती एकूण बेरीज नको.

एनक्लेक्स मुंबईतही देता येते. शुल्क २०० डॉलर, भारतातल्या केंद्रासाठी आणखी १५० डॉलर आणि कर. किमान ८५, कमाल १५० प्रश्न आणि पाच तास. ८५ व्या प्रश्नाला संगणक बंद झाला म्हणजे पास, ही अफवा आहे. नापासही तिथेच होता येतं. नापास झाल्यास ४५ दिवस थांबावं लागतं.

व्हिसाचं गणित

एफ-१ विद्यार्थी व्हिसावर पूर्ण ऑनलाइन कोर्स चालत नाही. पूर्णवेळ शिक्षणात दर सत्रात एकच ऑनलाइन विषय, म्हणजे तीन क्रेडिटपर्यंत, धरला जातो. एनपीचे बरेचसे कोर्स ऑनलाइन किंवा अर्धऑनलाइन असतात. म्हणून अर्ज करण्याआधी 'हा कोर्स आय-२० (एफ-१ व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा फॉर्म) देतो का' एवढाच प्रश्न प्रवेश कार्यालयाला लेखी विचारा; निम्मी यादी तिथेच गळते. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याचे, बारा महिने मिळतात, पण त्यात ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. प्रमाणन परीक्षा आणि राज्याचं लायसन्स यातच दोन-तीन महिने जातात. त्यामुळे ओपीटी सुरू होण्याची तारीख मुभेत बसेल तितकी उशिराची घ्या.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्यांची स्थिती उलटी. शिक्षणाला अडचण नाही, ऑनलाइनही चालतं, आणि कोर्सचा भाग असलेलं बिनपगारी क्लिनिकल करता येतं. नोकरीसाठी मात्र ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना, लागतो, आणि तो जोडीदाराची आय-१४० (ग्रीनकार्डासाठी नियोक्त्याची याचिका) मंजूर असेल तरच सहसा मिळतो. ईएडी नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांकही नसतो. काही बोर्डं आयटीआयएनवर (करदात्याचा क्रमांक) अर्ज घेतात, काही घेत नाहीत. हा प्रश्न फोनवर न विचारता ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

एच-१बी हा नोकरीचा व्हिसा साध्या आरएनच्या पदाला सहसा मिळत नाही, एनपीच्या पदाला मिळू शकतो, कारण पदव्युत्तर पदवी ही त्या पदाची अटच असते. मात्र सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनंतर अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. त्या आदेशाची चालू स्थिती वकिलाकडून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्रीनकार्डात नर्सिंग 'शेड्यूल ए'मध्ये येतं, त्यामुळे लेबर सर्टिफिकेशन (त्या पदाला अमेरिकी उमेदवार मिळत नसल्याचा कामगार खात्याचा दाखला) लागत नाही. भारतात जन्मलेल्यांची रांग तरीही लांबच आहे. नोकरीच्या व्हिसासाठी व्हिसास्क्रीन हे परदेशी नर्सच्या पात्रतेचं प्रमाणपत्र लागतं; त्यासाठी आयईएलटीएसमध्ये एकूण ६.५ आणि बोलण्यात ७ गुण ही पट्टी आहे. बोलण्याचे ७ बऱ्याच जणांना दुसऱ्या प्रयत्नात मिळतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

स्पेशलायझेशन: वय आणि आजाराची तीव्रता

नर्सिंग संस्थांच्या २००८ च्या राष्ट्रीय सहमतीच्या चौकटीत एनपीचं लायसन्स एका रुग्णगटाला बांधलेलं असतं. फॅमिली म्हणजे सगळी वयं, बाह्यरुग्ण स्वरूपाचं काम. ॲडल्ट-जेरोंटॉलॉजी, म्हणजे प्रौढ आणि वृद्ध, साधारण तेरा वर्षांपासून पुढे. त्याचे प्राथमिक आणि अतितीव्र (ॲक्यूट केअर) असे दोन स्वतंत्र फाटे. बालरोगाचेही तसेच दोन. शिवाय नवजात, स्त्री-आरोग्य, आणि मानसोपचार, ज्यात सगळी वयं येतात.

कामाची जागा कोणती याने अधिकार ठरत नाही, रुग्णाची गरज काय याने ठरतो. फॅमिली एनपी रुग्णालयात नोकरी करू शकते, पण व्हेंटिलेटरवरचा अस्थिर रुग्ण तिच्या शिक्षणात येत नाही. भारतातल्या नर्सकडे बऱ्याचदा आयसीयूचा भक्कम अनुभव असतो. 'फॅमिलीला सगळीकडे नोकऱ्या आहेत' हे ऐकून त्या फॅमिली करतात आणि मग आयसीयूच्या एनपी पदासाठी अर्ज नाकारले जातात. आरएन म्हणून दहा वर्षं आयसीयू केलं हा युक्तिवाद बोर्डापुढे टिकत नाही. एनपीचं शिक्षण कशाचं, एवढंच पाहतात. आयसीयूतच राहायचं असेल तर सुरुवातीलाच ॲडल्ट-जेरोंटॉलॉजी ॲक्यूट केअर घ्या. दोन्ही हवं असेल तर दुसरं नंतर पदव्युत्तर प्रमाणपत्राने करता येतं. त्यात आधीचे विषय बऱ्यापैकी धरले जातात, क्लिनिकल मात्र नव्या गटाचं पुन्हा करावं लागतं.

मानसोपचाराला मागणी आहे, पण तिथे सगळा डोलारा बोलण्यावर उभा असतो. इंग्रजीत रुग्णाच्या म्हणींचा आणि उपरोधाचा अर्थ लागत नसेल तर आधी आरएन म्हणून त्या विभागात वर्षभर काढणं शहाणपणाचं. नवजात विभागासाठी बहुतेक कोर्स वरच्या श्रेणीच्या एनआयसीयूतला दोन वर्षांचा अनुभव मागतात.

कोर्स निवडताना

हे तीन विषय स्वतंत्रपणे शिकवलेले असलेच पाहिजेत: प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, प्रगत फार्माकॉलॉजी, प्रगत शारीरिक तपासणी. ते दुसऱ्या विषयात मिसळलेले असतील तर लायसन्स अडू शकतं. २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनुसार थेट रुग्णसेवेचे किमान ७५० तास हवेत. आधी ५०० चालत. आठवड्याला आठ तासांचे दोन दिवस धरले तर ७५० तासांना सुमारे सत्तेचाळीस आठवडे लागतात. पूर्णवेळ रात्रपाळी सांभाळून हे होईल का, हे आधीच घरात बसून मांडा.

दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स घेताना तुमच्या राज्यात क्लिनिकल करण्याची त्याला परवानगी आहे का, हे पाहा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर राज्यवार लायसन्सची माहिती दिलेली असते. तुमच्या राज्यापुढे 'निश्चित केलेलं नाही' असं लिहिलं असेल तर तो कोर्स सोडा.

प्रीसेप्टर, म्हणजे ज्याच्या हाताखाली क्लिनिकल करायचं तो, कोण शोधणार, हा प्रश्न शुल्काइतकाच महत्त्वाचा. पुष्कळ ऑनलाइन विद्यापीठं हे काम विद्यार्थ्यावर टाकतात. मग शंभर ईमेल पाठवून दोन उत्तरं येतात, आणि क्लिनिकचा विद्यापीठाशी करार व्हायला आणखी महिने जातात. तो करार नसेल तर केलेले तास धरत नाहीत. सत्र सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी शोधायला लागा. फॅमिलीसाठी बालरोग आणि स्त्री-आरोग्याची जागा सगळ्यात दुर्मीळ, ती आधी पकडा.

क्लिनिकलच्या आधी लसीकरणाचे पुरावे मागतात. आपल्या बहुतेकांना लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे टीबीची त्वचाचाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि विनाकारण एक्स-रे, तपासण्या मागे लागतात. सुरुवातीलाच क्वांटिफेरॉनसारखी रक्तचाचणी मागून घ्या. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बीचे अँटिबॉडी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) काढा. हिपॅटायटिस बीचा आकडा १० च्या खाली आला तर डोस पुन्हा घ्यावे लागतात आणि त्या मालिकेत महिने जातात. बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) कार्ड अमेरिकन हार्ट असोसिएशनचंच मागतात.

प्रमाणन परीक्षा

फॅमिलीसाठी दोन संस्था आहेत, एएएनपीसीबी आणि एएनसीसी. राज्यं दोन्ही मानतात. एएएनपीसीबीची परीक्षा १५० प्रश्नांची, त्यातले १३५ गुणांसाठी, वेळ तीन तास, उत्तीर्ण गुण (रूपांतरित पट्टीवर) ५००. ती जवळजवळ निव्वळ क्लिनिकल आहे. एएनसीसीत संशोधन, धोरण, व्यावसायिक नीती यांचेही प्रश्न असतात. रुग्ण तपासण्यात हात बसलेला असेल तर पहिली सोपी जाते. बालरोगासाठी पीएनसीबी, नवजात आणि स्त्री-आरोग्यासाठी एनसीसी या संस्था आहेत.

नापास झालात तर एएएनपीसीबी कमकुवत विषयांत १५ तासांचं शिक्षण करून यायला सांगते, आणि एका कॅलेंडर वर्षात दोनच प्रयत्न देते. एएनसीसीत ६० दिवस थांबावं लागतं. भारतात शिकलेल्यांचे गुण बहुधा औषधांच्या नावांवर जातात, कारण आपल्याकडे पॅरासिटामॉल आणि साल्बुटामॉल, इथे ॲसिटामिनोफेन आणि अल्ब्युटेरॉल. दुसरं म्हणजे प्रतिबंधक तपासण्यांची वेळापत्रकं: मॅमोग्राफी कोणत्या वयात, कोलनची तपासणी कधी, प्रौढांना कोणती लस केव्हा. हे तक्ते पाठच करावे लागतात.

लायसन्स हाती आल्यावर

पास झालं की राज्याकडे एपीआरएनचा अर्ज. काही राज्यांत प्रिस्क्रिप्शनच्या अधिकारासाठी स्वतंत्र अर्ज असतो, आणि करार लागणाऱ्या राज्यात तो करार झाल्याखेरीज एकही औषध लिहिता येत नाही. आरएनचं लायसन्स अनेक राज्यांत चालणारं असू शकतं, एनपीचं तसं नाही; एपीआरएनचा आंतरराज्य करार सात राज्यांनी कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. टेलिहेल्थमध्ये रुग्ण ज्या राज्यात बसला आहे तिथलं लायसन्स लागतं.

त्यानंतर एनपीआय, म्हणजे वैद्यकीय सेवा देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्या: दहा आकडी, मोफत. नियंत्रित औषधांसाठी डीईए (केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण संस्था) नोंदणी तीन वर्षांची, ८८८ डॉलर. तिच्यासाठी व्यसनमुक्ती उपचारांचं आठ तासांचं प्रशिक्षण एकदा दाखवावं लागतं; अभ्यासक्रमात ते तास झाले असतील तर तेही चालतं, म्हणून कॉलेज सोडण्याआधी तसं पत्र मागून घ्या. डीईएचं शुल्क बहुतेक नियोक्ते देतात, करार करताना विचारा.

विमा कंपन्यांकडचं क्रेडेन्शियलिंग, म्हणजे तुमची पात्रता तपासून यादीत घेणं, तीन ते चार महिने खातं. ते होईपर्यंत तुमच्या नावाने बिल लागत नाही, म्हणून काही ठिकाणी रुजू होण्याची तारीख पुढे ढकलतात. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, एनपीला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. काही गोष्टी मेडिकेअर एनपीच्या सहीवर मानतच नाही; मधुमेहींच्या खास बुटांचं प्रमाणपत्र डॉक्टरचंच लागतं. रुग्ण चिडतो, तेव्हा कारण आधीच सांगून ठेवलेलं बरं.

व्यावसायिक विम्यात, म्हणजे उपचारातल्या चुकांच्या दाव्यांसाठीच्या विम्यात, 'क्लेम्स-मेड' आणि 'ऑकरन्स' असे दोन प्रकार असतात. पहिल्यात नोकरी सोडल्यानंतर आलेला दावा झाकला जात नाही, त्यासाठी 'टेल' ही वाढीव पॉलिसी विकत घ्यावी लागते आणि ती महाग असते. टेल कोण भरणार, हे नेमणूकपत्रात लिहून घ्या.

आणखी एक, आपल्या लोकांसाठी खास. मंडळाच्या गणपतीत आरती संपली की कोणीतरी हमखास म्हणतं, 'जरा अझिथ्रोमायसिन लिहून दे ना.' तपासणी नाही, नोंद नाही, रुग्ण म्हणून नातं नाही, तर प्रिस्क्रिप्शनही नाही. घरच्यांसाठी नियंत्रित औषधं तर अजिबात लिहू नका. बोर्डाकडे तक्रार व्हायला एवढं पुरतं. भारतातल्या नातेवाइकांना फोनवर औषधं सांगण्यालाही इथल्या लायसन्सचा आधार नाही.

प्रमाणन पाच वर्षांचं असतं. एएएनपीसीबी नूतनीकरणाला १००० क्लिनिकल तास आणि १०० तासांचं शिक्षण मागते, त्यातले २५ औषधशास्त्राचे. प्रमाणन संपलं की बहुतेक राज्यांत एनपीचं लायसन्सही लटकतं. नूतनीकरणाच्या सूचना ईमेलने येतात, आणि अर्ज करताना पुष्कळांनी कॉलेजचा पत्ता दिलेला असतो, जो पदवीनंतर बंद होऊ शकतो. प्रमाणन संस्था, बोर्ड, डीईए आणि एनपीआय या चारही ठिकाणी खासगी ईमेल घाला, आणि घर बदललं की पत्ताही तिथेच आधी बदला.